अंगण वाकडंच होतं

दादाच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता रोपवाटिकेची पिकअप विकली जाणार. वहिनीने मात्र कुणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, आणि बरोबर शिकायला सगळी कॉलेजची मुलं. "इतकी वर्षं तुमच्या दादाला चालवलं, त्यापुढे गाडी ती काय," असं ती फिटरला म्हणाली होती.

फिटर म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. त्याचं जन्माचं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. गॅरेज टाकल्यापासून त्याची बायकोसुद्धा त्याला फिटरच म्हणायची. वहिनीला लायसन्स मिळाल्यावर भरलेल्या गाडीची सवय त्यानेच करून दिली. हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच अर्धा सोडायचा, इंजिन पायाखाली जरा बसल्यासारखं झालं की मग ब्रेक सोडायचा, हे त्याने तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलं.

घोटून घ्यावं लागलं ते तिठ्यामुळे. रोपवाटिका टेकडीच्या पायथ्याशी आणि गिऱ्हाइकं सगळी वर. वर नवी घरं उठत होती, प्रत्येकाला बाग हवी होती. मातीच्या पिशव्यांतली रोपं, खताची पोती, कुंड्या असा जड माल घेऊन पिकअप रोज चढायची. अर्ध्या चढावर आडवा रस्ता येऊन मिळत होता आणि त्यावरच्या वाहनांना आधी वाट द्यावी लागायची. म्हणजे ऐन चढावर थांबायचं आणि तिथूनच भरली गाडी पुन्हा उचलायची. पहिल्या खेपेला वहिनीच्या तळहातांना घाम सुटला, पण गाडी चढली. दुसऱ्या खेपेलाही चढली. पुढे पुढे ती तिठ्यावर थांबली की आरशात बघून केस सारखे करण्याइतकी निर्धास्त झाली.

मग गाडीचा सायलेन्सर सडला, आणि ती गाडी घेऊन दिराच्या गॅरेजमध्ये आली.

त्या दिवसांत फिटरच्या डोक्यात हेडरचं खूळ शिरलं होतं. इंजिनातला जळका वायू ज्या बिडाच्या जाडजूड तुकड्यातून बाहेर पडतो तो मॅनिफोल्ड. कंपनीचा मॅनिफोल्ड आखूड आणि अरुंद असतो. चारी सिलिंडरचा वायू त्यात दाटीवाटीने बाहेर पडतो. तो काढून प्रत्येक सिलिंडरला वेगळा लांब नळा द्यायचा आणि पुढे चारी नळे एकात मिळवायचे, याला हेडर म्हणतात. वायूला मोकळी वाट मिळते आणि गाडीचा दम वाढतो. हे खरं आहे, पण अर्धंच. दम कुठे वाढणार ते नळ्याच्या जाडीवर ठरतं. जाड नळ्यात वायूला जोर येतो तो इंजिन भरधाव फिरायला लागल्यावर. इंजिन संथ असताना त्याच नळ्यात वायू रेंगाळतो, पुढचा मागच्याला ओढून नेत नाही, आणि गाडी जागची उचलायच्या वेळेलाच ढिली पडते. ओझ्याच्या गाडीला हेडर बसवायचंच तर बारीक नळ्यांचं बसवावं. फिटरला हे पाठ होतं.

तरी त्याने जाड नळे वाकवले. एक तर जाड नळ्यांचा आवाज छातीत घुमतो. दुसरं म्हणजे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर सुट्टीच्या दिवशी पिकअप पळवणारी तरुण मंडळी होती, ती असल्याच आवाजावर भाळायची. फिटरला ते गिऱ्हाईक हवं होतं. जोडकाम त्याने स्वतः केलं होतं, एकेक सांधा असा की बोट फिरवलं तरी लागू नये. नळे तयार होऊन भिंतीला टेकून उभे होते. फक्त बसवून दाखवायला गाडी नव्हती.

"वहिनी, नुसता सायलेन्सर कशाला? पुढून सगळंच बदलून देतो. दम वाढेल गाडीचा."

"मला कुठे शर्यत जिंकायचीय, भाऊजी? चढण चढली म्हणजे झालं."

"चढण? उडत जाल."

वहिनी हसली आणि किल्ली त्याच्या हातात देऊन निघून गेली.

नळे बसवून तो हमरस्त्यावर फेरी मारून आला. सपाट रस्ता, रिकामी गाडी. काटा वर गेला तशी ती जुनी पिकअप अशी काही सुटली की त्याला स्वतःशीच हसू फुटलं. परतताना गॅरेजच्या तोंडाशी जो लहानसा चढ होता, तिथून आत चढवताना इंजिन एकदम गुदमरलं. त्याने रेस दाबली, गाडी आत आली. त्या एका क्षणात त्याला कळायचं ते कळलं. 'बघू नंतर, ट्यूनिंगमध्ये बसेल,' असं म्हणून त्याने बॉनेट लावलं. जुना मॅनिफोल्ड भंगाराच्या पिंपात टाकला.

दादाने आवाज ऐकला तेव्हा तो रोपांना पाणी घालत होता. "ही आपलीच गाडी? म्हातारीला मिसरूड फुटलं की रे," म्हणाला आणि खूष झाला. दिसत कमी असल्यामुळे हल्ली त्याला आवाजांचं फार कौतुक होतं.

पहिल्याच भरल्या खेपेला गाडी तिठ्यावर दोनदा बंद पडली. दुपारी वहिनी गॅरेजमध्ये आली तेव्हा फिटर एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता.

"भाऊजी, पिकअपचा पिकअप कुठे गेला हो?" तिने थट्टेनेच विचारलं. "तिठ्यावर उचलतच नाही. आचके देते आणि बंद पडते."

फिटरला खालून तिच्या चपला दिसत होत्या, चिखल लागलेल्या. तो बाहेर आला नाही. "क्लच लवकर सोडत असाल," तो म्हणाला. "रेस थोडी जास्त द्या. नवीन काम आहे, जरा सवय होऊ द्या."

"पूर्वी तर जमत होतं."

"होतं असं कधी कधी. हात बसला की माणूस बेफिकीर होतो."

गाडीखाली पडून बोलणं सोपं होतं. तोंड दिसत नाही. चपला थोडा वेळ तिथेच थांबल्या, मग गेल्या.

पुढे सुट्टीच्या दिवशी तो स्वतः तिला शिकवायला गेला. गाडी रिकामी होती. रिकामी गाडी तिठ्यावरून दर वेळी चढली. फिटरला वाटलं होतं की यामुळे तिला धीर येईल, झालं उलटं. गाडीत काहीच बिघाड नाही, म्हणजे दोष आपलाच, अशी तिची खात्री पटली. घराशी उतरताना म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास. सुट्टी गेली तुमची."

त्या रात्री सगळे दादाकडे जेवायला होते. वहिनी वाढता वाढता म्हणाली, की गाडीला काहीतरी झालंय असं तिला अजून वाटतं. दादाने ताटावरून मान वर केली नाही.

"माझ्या हातात ही गाडी एवढ्या वर्षांत एकदा चढावर बंद पडली नाही. आता फिटरने नवंकोरं काम करून दिलंय, तर गाडीला झालंय म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं."

वहिनी आमटीचं भांडं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अंगण खरोखरच वाकडं होतं. वाकडं करणारा ताटावर बसून जेवत होता. 'आत्ता सांगावं,' असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दादाने त्याच्याकडे वळून विचारलं, "काय रे, बरोबर ना?" आणि फिटर म्हणाला, "येईल हळूहळू."

सांगायला आणखी एक अडचण होती. गॅरेजवर धावपट्टीवाली मंडळी यायला लागली होती. पिकअप गावातून जाताना लोक वळून बघत, आणि हे काम कुणाचं अशी चौकशी होई. दोघांनी तर आपापल्या गाड्यांसाठी तसलेच नळे सांगून ठेवले होते. ज्या गाडीमुळे नाव झालं तिच्यावरूनच नळे उतरवले तर लोक काय म्हणतील, असा फिटर विचार करी. रोज ठरवी की उद्या काढू. वहिनीचा फोन वाजला की तो थोडा वेळ वाजू देऊनच उचली. ती सहसा गाडीबद्दल काही बोलत नसे, हेच त्याला जास्त लागायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ती साधं "काय करताय?" म्हणाली तरी त्याला वाटायचं, हिला कळलं.

तिला काही कळलं नव्हतं. ती फक्त सकाळी लवकर निघायला लागली होती, तिठ्यावर गर्दी नसताना. आणि माल थोडा थोडा करून न्यायला लागली होती, एका खेपेच्या जागी दोन.

एकदा वरच्या एका बंगल्याच्या बागेसाठी दगडी कुंड्यांची मोठी मागणी आली. बंगलेवाल्यांना सगळ्या कुंड्या त्याच दुपारी हव्या होत्या, दोन खेपा करायला वेळ नव्हता. तिठ्यावर नेमकी एकामागून एक वाहनं येत होती. वहिनी थांबली. रस्ता मोकळा झाला तशी तिने क्लच सोडला, इंजिनने आचका दिला आणि ते मेलं. पुन्हा चालू करेपर्यंत गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद असल्यामुळे पायाचा ब्रेक दगडासारखा जड झाला होता; हँडब्रेक ओढला, तो एवढ्या ओझ्यापुढे पुरा पडला नाही. मागे पोस्टमन सायकल हातात धरून चालत चढत होता. त्याने सायकल टाकून बाजूला उडी मारली. पिकअप सायकलवरून गेली आणि कोपऱ्यावरच्या दगडी कुंपणाला धडकून थांबली. मागची फळी उघडली आणि कुंड्या रस्त्यावर फुटत खाली गेल्या.

फिटर पोचला तेव्हा पोस्टमन दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्याचं रक्त पुसत होता आणि आजूबाजूच्या बायका त्याची पत्रं गोळा करत होत्या. वहिनी गाडीजवळ उभी होती. रडत नव्हती. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

"बाईमाणसाने कशाला भरलेल्या गाडीच्या नादी लागावं," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"जीव जायचा राहिला माणसाचा," दुसरा म्हणाला, आणि फिटरला ओळखून त्याच्याकडे वळला. "तुमच्याच घरच्या ना? गाडी नीट आहे ना तुमची?"

सगळे फिटरकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा. त्याने गाडीकडे पाहिलं, गार होताना टक टक आवाज करणाऱ्या बॉनेटकडे पाहिलं.

"गाडी नीट आहे," तो म्हणाला. "वहिनी अजून शिकतायत."

वहिनीने मान खाली घातली. नंतर कितीतरी दिवस फिटरला झोपताना हेच दिसायचं. फुटलेल्या कुंड्या नाहीत, पोस्टमनचा गुडघा नाही. ती खाली गेलेली मान. तिने ते मान्य केलं होतं.

संध्याकाळी तिने गाडीची किल्ली दादाच्या पुढ्यात ठेवली. "ड्रायव्हर बघा कुणीतरी, नाहीतर गाडी विका. माझ्याच्याने होणार नाही. माणूस मेला असता." दादा त्यावर काही लागेलसं बोलला नाही, पण समजूतही घातली नाही. "बघू," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून वहिनी रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरत बसायला लागली. जी बाई गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा मारायची, ती फाटकाशी कुणी आलं की दादाला हाक मारायची आणि आत जायची.

"तुमचं काय चाललंय?" फिटरच्या बायकोने त्याला एका सकाळी विचारलं. "ताटात टाकते ते तसंच परत येतंय. धडक वहिनींनी मारली, आणि तोंड उतरलंय तुमचं."

फिटरने तिला सगळं सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "मी कुठे गाडी चालवत होते."

फिटर भंगारवाल्याकडे गेला. पिकअपचा जुना मॅनिफोल्ड कधीच ओतशाळेच्या भट्टीत गेला होता. "आता कुठल्यातरी गटाराचं झाकण झाला असेल," भंगारवाला म्हणाला. अपघातात चेपलेल्या त्याच जातीच्या एका पिकअपचा सांगाडा मागच्या बाजूला पडून होता. फिटरने त्याचा मॅनिफोल्ड गंजलेल्या नटांना तेल पाजत पाजत उतरवला. त्याचा बोल्ट बसायचा एक कान तडकलेला निघाला. बीड जोडणं नाजूक काम; घाईने निवलं तर दुसरीकडे तडकतं. त्याने तो तुकडा भट्टीत सावकाश तापवला, जोडला आणि राखेत पुरून ठेवला. धावपट्टीवाला एक जण नळ्यांची चौकशी करायला आला होता, त्याला त्याने दारातूनच परत पाठवलं.

मागची फळी सरळ करायची म्हणून पिकअप गॅरेजमध्ये आणलेलीच होती. त्याने हेडर उतरवलं, मॅनिफोल्ड चढवला, फळी ठोकून सरळ केली, हँडब्रेकची तारही नवी टाकली. गाडी चालू केल्यावर तिचा पूर्वीचा दबका, कुरकुरा आवाज आला. कुणाला काही न सांगता हे असंच मिटवून टाकावं, असं त्याने ठरवलं होतं. वहिनी पुन्हा चालवायला लागेल, तिला वाटेल आपल्याला जमलं, दादाचंही तोंड बंद होईल. यात वाईट कुणाचंच नव्हतं.

वहिनी ऐकेना. "मी नाही बसणार," ती म्हणाली.

"एकदाच. मी शेजारी बसतो. रोपं सुकतायत, वरून फोनवर फोन येतायत."

रोपांचं नाव काढल्यावर ती उठली. गाडी भरली. चालू करताना तिने कान टवकारले. "आवाज कमी झाला?"

"मागे धक्का लागला होता ना, सायलेन्सर बदलला," फिटर म्हणाला. खोट्याला खोटं लागत होतं.

तिठ्यावर थांबावं लागलं. मागे एक कार येऊन उभी राहिली. वहिनीचे ओठ हलत होते. हँडब्रेक, क्लच, रेस, असं ती मनाशी म्हणत होती. रस्ता मोकळा झाला. इंजिन जरासं बसलं, गाडीने ओझ्याखाली कंबर ताठ केली आणि ती चढू लागली, मुकाट्याने, एका लयीत, जशी पूर्वी चढायची. वरच्या वळणावर वहिनीने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि पदराने डोळे पुसले.

"जमलं," ती म्हणाली. "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? दुसऱ्या कुणी माझ्यामागे एवढा वेळ घालवला नसता. तुमच्या दादांनीसुद्धा आशा सोडली होती."

फिटरला वाटलं, तिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. गप्प बसायचं त्याने पक्कं केलं होतं, पण ते उपकार त्याला गिळवेनात.

"वहिनी, तुमचं काही चुकत नव्हतंच," तो म्हणाला. "चूक नळ्यांची होती. जाड नळ्यांनी गाडीचा खालचा दम जातो. भरलेली गाडी चढावर उचलत नाही. मी ते आता काढून टाकलेत."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "कधी कळलं तुम्हाला?"

"बसवले त्याच दिवशी."

"मी गॅरेजमध्ये विचारायला आले, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"पोस्टमनच्या वेळी?"

"हो."

ती समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागली. फिटर बोलत सुटला: आवाजाबद्दल, धावपट्टीच्या गिऱ्हाइकांबद्दल, रोज उद्या काढू म्हणत राहिल्याबद्दल. ती ऐकतेय की नाही ते कळत नव्हतं. मग तिने गाडी चालू केली, वरच्या घरी नेली, फाटकाशी लावली आणि मालकिणीशी हसून बोलत सगळी रोपं उतरवून घेतली. फिटर हात लावायला पुढे झाला तर म्हणाली, "राहू दे, मी करते."

खाली परत आल्यावर तिने किल्ली त्याच्याकडे दिली.

"ते नळे परत बसवा."

"काय?"

"नळे परत बसवा. मग त्या दिवसाइतकाच माल भरू. गाडी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन, आणि तुमचे दादा पण."

"वहिनी, कशाला? मी सांगतोच आहे दादाला, माझ्या तोंडाने..."

"तुम्ही तोंडाने बरंच सांगता."

त्याने नळे परत बसवले. आयुष्यात इतकं जड काम त्याने केलं नव्हतं. दादाला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. वहिनीने त्याला फक्त "वर जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवलं. मागे दगडी कुंड्या आणि मातीची पोती. दार लावल्यावर फिटरने दादाला सगळं सांगितलं, तुटक तुटक, रस्त्याकडे बघत. दादाची नजर कुठे होती ते कळत नव्हतं.

तिठ्यावर फिटरला थांबावं लागलं. पलीकडून वाहनं येत होती. गाड्यांत जन्म गेलेला माणूस, पण त्याच्या पाठीला घाम फुटला होता. त्याने क्लच सोडला. आचका. गाडी बंद. मागे हॉर्न वाजला. पुन्हा चालू केली, रेस वाढवली. छातीत घुमणारा तो आवाज उठला, दुकानांतले लोक बाहेर डोकावले, आणि गाडी परत मेली. या वेळी ती हातभर मागे सरकली, तेव्हा वहिनीने हात पुढे करून त्याच्या हाताबरोबर हँडब्रेक धरला. तिसऱ्या वेळी त्याने क्लच जाळत, इंजिन किंचाळवत गाडी कशीबशी वर नेली. जळक्या वासाने सगळी केबिन भरली.

वरच्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली.

"तू रोज हे करत होतीस?" दादाने विचारलं. प्रश्न वहिनीला होता.

"रोज."

"आणि चढवत होतीस?"

"बहुतेक वेळा. खालच्या वळणावरच थांबून राहायचे. वरचा रस्ता मोकळा दिसला की मग निघायचे, म्हणजे तिठ्यावर थांबायची वेळच यायची नाही. त्या दिवशी तिथे मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, म्हणून निघाले; तो पुढे निघून गेला आणि मी तिठ्यावर अडकले."

दादाने मान हलवली. "मला सुचलं नसतं," तो म्हणाला. मग फार हळू, "मी तुला ताटावर बोललो."

"बोललात," वहिनी म्हणाली. "एकदाच नाही." तिने त्याचा हात धरला नाही की त्याला माफही केलं नाही. दादाच्या पुढून दार उघडून खाली उतरली, फिटरच्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका. खाली मी नेते."

फिटरने दुसऱ्या दिवशी नळे काढले. ज्या दोघांनी तसलेच नळे सांगितले होते त्यांना त्याने खरं ते सांगितलं, की रिकामी गाडी सपाटीला पळवायची असेल तर बसवतो, ओझं वाहायचं असेल तर बसवणार नाही. एक जण गेला. दुसऱ्याची गाडी विटांची होती. त्याने डोकं खाजवत विचार केला आणि बारीक नळे करून घेतले, त्यांचा आवाज काही खास नव्हता. पोस्टमनकडे फिटर नवी सायकल घेऊन गेला आणि धडक कुणामुळे झाली तेही त्याने सांगितलं. पोस्टमन म्हणाला, "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?" म्हणून फिटर तिठ्यावरच्या दुकानांतही गेला, एकेका दारात उभा राहिला. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती गोष्ट आठवतही नव्हती. पण बाईने गाडी ठोकली हे मात्र सगळ्यांना आठवत होतं, आणि फिटरने सांगितल्यावरही एक जण म्हणाला, "असेल, पण तरी."

पिकअपचं काम आता त्याच्याकडे येत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गॅरेज आहे, वहिनी तिथे जाते. हे त्याला दादाकडून फोनवर कळलं. दादाने सांगताना बराच वेळ घसा खाकरला. "तिचं म्हणणं, परक्या माणसाला विचारलं की तो निदान गाडीखालून बाहेर येऊन बोलतो," तो म्हणाला. फिटर म्हणाला, "बरोबर आहे."

घरी जाणं-येणं आहे. वहिनी त्याला वाढते, बायकोची विचारपूस करते, हसतेसुद्धा. गाडीचा विषय मात्र तो असताना काढत नाही, आणि दुसऱ्या कुणी काढला तर पाणी आणायला उठते.

सकाळी गॅरेज उघडताना फिटर बाहेरच्या बाकावर बसून चहा पितो. त्या वेळेला पिकअप समोरून जाते, मागे रोपं हलत असतात. वहिनी कधी कधी स्टिअरिंगवरून हात उचलते. थांबत नाही. फिटरही हात वर करतो, आणि गाडी चढणीला लागेपर्यंत तसाच बसून राहतो.